विश्लेषण : तुपाच्या थेंबाखाली प्लेग ओळखणारे हाफकिन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव लशीमुळे घरोघरी पोहोचले. पण १८९६ मध्ये वाल्देमार हाफकिन मुंबईत आले ते लस टोचायला नव्हे, साथ नेमकी कशाची आहे हे तपासायला.

निदान का अडले?

सप्टेंबर १८९६. मांडवीत ताप आणि जांघेत गाठ येऊन माणसे मरू लागली. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले आणि २३ सप्टेंबरला महापालिकेच्या स्थायी समितीला सांगितले. पण प्लेग मान्य करणे म्हणजे बंदराच्या व्यापारावर पाणी सोडणे. इकडे लोक शहर सोडू लागले होते. कोकण किनाऱ्यावर रेल्वे नव्हती. राजपुरी खाडीवरचे आगरदांडा, समोरचे दिघी अशा गावांना मुंबई जोडलेली होती ती समुद्राने. आजारी माणूस धक्क्यावर उतरण्याआधी मुंबईत निदान होणे हा या गावांच्या जिवाचा प्रश्न होता.

ऑक्टोबरमध्ये हाफकिन आले. १८६० मध्ये ओडेसात ज्यू कुटुंबात जन्म, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम. १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या अपुऱ्या जागेत त्यांनी प्रयोगशाळा थाटली.

तूप कशाला?

गाठीतला द्रव सुईने काढायचा, काचपट्टीवर पसरून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. प्लेगचे जिवाणू दोन्ही टोकांना गडद, मध्ये फिके, बंद सेफ्टी पिनेसारखे दिसतात. उत्तर त्याच दिवशी मिळते. पण तसेच दिसणारे दुसरे जिवाणूही असतात. खात्रीसाठी ते वाढवून पाहावे लागतात. हाफकिन यांनी मांसाच्या पातळ रसावर तुपाचे थेंब सोडले. जिवाणू त्या थेंबांना खालून धरून वाढले आणि झुंबरासारखे लोंबू लागले. भांडे जरा हलले की सगळे तळाशी. प्लेगची ही खूण इतकी ठळक, की ती पुढे चाचणी म्हणूनच वापरली गेली.

मात्र तिला दिवस लागत, आणि प्लेगचा रोगी तेवढा थांबत नाही. आता पट्टीवरची चाचणी साधारण १५ मिनिटांत प्लेगचा अंश दाखवते. कोकणात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसबाबत मात्र तोच पेच उरतो : रक्तातली प्रतिद्रव्ये दिसायला पाच-सात दिवस जातात. म्हणून पहिल्या आठवड्यात रक्ताची पीसीआर चाचणी अधिक उपयोगी, आणि संशय बळकट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात.

पुढे काय झाले?

त्याच भांड्यांतले जिवाणू उष्णतेने मारून लस झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तीही आधी स्वतःवर घेतली.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात लस घेतलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दगावलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना गावातच चिमटा जमिनीवर पडला होता, हे तपशील असूनही त्यांची बाजू मान्य व्हायला १९०७ उजाडले. आयुष्यभर जंतू वेळेत ओळखण्यासाठी झटलेल्या माणसाबाबत सरकारला मात्र पाच वर्षे लागली.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.