हुसेन खानचे डास आणि मॉरिशसचा ताप

आफ्रिकेतल्या एका बांधकामावरून परतलेला अंकुशनगर भागातला एक तरुण मागे थंडीतापाने आमच्याकडे आला. आधी आठवडाभर त्याच्यावर टायफॉइडचे उपचार झाले होते. तो कुठून आला, हे कुणी विचारले नव्हते आणि त्यालाही सांगावेसे वाटले नव्हते. रक्त तपासले, फाल्सिपेरम मलेरिया निघाला. अशा वेळी मला रोनाल्ड रॉस आठवतो.

रॉसचा जन्म 13 मे 1857 चा, अल्मोड्याचा. वडील लष्करात. मुलाला कविता आणि चित्रे आवडत. वडिलांनी डॉक्टर केले. 1881 मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला. पहिली काही वर्षे त्याने गणित आणि कादंबऱ्यांतच जास्त घालवली म्हणायला हरकत नाही. 1894 च्या रजेत लंडनला पॅट्रिक मॅन्सनने त्याला सूक्ष्मदर्शकाखाली हिवतापाचे परजीवी दाखवले, आणि डास यात गुंतलेला असावा अशी शंका बोलून दाखवली. तिथून पुढे रॉस दुसऱ्या कशात रमला नाही.

1895 मध्ये तो सिकंदराबादच्या छावणीत आला. जालन्याहून रात्री गाडीत बसले की सकाळी येते तेच सिकंदराबाद. तेव्हा जालनाही निजामाच्याच मुलखात होते. दोन वर्षे त्याने डास चिरले, पण चुकीच्या जातीचे. मध्येच 1897 च्या एप्रिलमध्ये उटीजवळच्या सिगूर घाटात डासांच्या शोधात गेला आणि स्वतःच मलेरिया घेऊन आला. थंड, निरोगी डोंगरावरून घाटात उतरायचे आणि ताप घेऊन परतायचे: प्रवासातला मलेरिया याहून वेगळा काय असतो?

त्या ऑगस्टमध्ये पंखांवर ठिपके असलेले डास त्याच्या हाती लागले. हुसेन खान नावाच्या रुग्णाने ते स्वतःला चावू दिले, दर डासामागे एक आणा घेऊन. उकाडा असह्य, पण पंखा लावला तर चिरलेले डास उडून जातील, म्हणून तोही बंद. सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजले होते. 20 ऑगस्ट 1897 ला डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला परजीवीच्या गोल पेशी दिसल्या. त्या आनंदात त्याने कविता लिहिली. लगेच बदली झाली, तीही राजपुतान्यात खेरवाड्याला, जिथे मलेरिया फारसा नव्हता! सरकारी नोकरीत असलेल्यांना हे नवल वाटणार नाही. पुढे 1898 मध्ये कलकत्त्याला, पक्ष्यांच्या मलेरियात, परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोहोचतात हे त्याने दाखवले. माणसातले चक्र त्याच वर्षी इटलीच्या ग्रासी आणि सहकाऱ्यांनी पुरे केले. श्रेयावरून दोघांत कडवट भांडण झाले, त्यात रॉसही काही मागे राहिला नाही. 1902 चे नोबेल त्याला एकट्याला मिळाले.

मला मात्र त्याचा मॉरिशसचा प्रवास अधिक महत्त्वाचा वाटतो. ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये तिथे नेले जात. त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी माणसेही होती. बेटावर पूर्वी मलेरिया नव्हता. 1860 च्या दशकात जहाजांबरोबर परजीवीही आले आणि त्यांना वाहणारे डासही. 1867 च्या साथीत हजारो माणसे मेली. 1907 मध्ये रॉस तिथे गेला. कुठे किती मुलांची प्लीहा वाढली आहे आणि डबकी कुठे आहेत हे पाहून त्याने साथीचा हिशेब मांडला, आणि तो गणिताच्या सूत्रांत बसवला. एक डास मारण्यापेक्षा एका गावात किती डास राहू द्यायचे, हा प्रश्न त्याने विचारला.

परजीवी माणसाच्या रक्तात बसून समुद्र ओलांडतो. विमानात तर काही तासांत. फाल्सिपेरमचा ताप बहुधा चावल्यावर एक-दोन आठवड्यांत येतो, म्हणजे अनेकदा घरी पोहोचल्यावरच. व्हायवॅक्स यकृतात महिनोन्महिने दडून राहू शकतो. म्हणून परदेशातून आलेल्याला ताप आला, तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच देशाचे नाव सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

16 सप्टेंबर 1932 ला रॉस लंडनमध्ये वारला. मॉरिशस 1973 मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाला. दोन वर्षांनी चक्रीवादळानंतर रोग पुन्हा उठला आणि तो घालवायला 1998 उजाडले. आजही तिथे मलेरियाच्या देशांतून उतरलेल्या प्रवाशाच्या घरी आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना घ्यायला जातात.