कोरे पेपर देणारा विद्यार्थी झाला हजारोंची दारू सोडवणारा डॉक्टर

अमेरिकेतल्या शिकागो शहरात रश मेडिकल कॉलेजची शेवटची परीक्षा होती. एका विद्यार्थ्याचा हात इतका थरथरत होता की त्याला पेन्सिलही धरता येईना. परीक्षेच्या तोंडावर तो बेदम प्यायला होता. निदान तीन उत्तरपत्रिका त्याने कोऱ्याच दिल्या. त्याचं नाव रॉबर्ट होलब्रुक स्मिथ. पुढे जग त्याला डॉ. बॉब म्हणून ओळखू लागलं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडणाऱ्यांची संघटना ज्या दोघांपासून सुरू झाली, त्यातले एक हे.

बॉबचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ चा, व्हरमाँट राज्यातल्या सेंट जॉन्सबरीचा. वडील न्यायाधीश, घर कडक शिस्तीचं. डार्टमथ कॉलेजात गेल्यावर ती शिस्त सुटली आणि पिणं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी इतरांची डोकी दुखायची, याला काहीच व्हायचं नाही. त्याला त्याचा अभिमानच वाटे. खरं तर धोका तिथंच होता, पण त्या वयात ते कुणाला कळतं?

१९०२ साली पदवी घेऊन तीन वर्षं विक्रीची नोकरी केली आणि मग मिशिगन विद्यापीठात डॉक्टरकीला नाव घातलं. तिथं पिणं वाढलं. सकाळी हात कापायला लागले, वर्ग बुडायला लागले. दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडून तो बॅग भरून एका मित्राच्या मोठ्या शेतावर निघून गेला. महिनाभरात डोकं ताळ्यावर आलं आणि कॉलेज सोडणं हा मूर्खपणा आहे हे त्याला पटलं. तो परत आला. पण प्राध्यापक वैतागले होते. परीक्षा देऊ दिली, पोरगा चांगल्या गुणांनी पासही झाला, तरी दुसरीकडे जा असं त्याला सांगण्यात आलं. म्हणजे रोग तसाच राहिला, फक्त कॉलेज बदललं.

रशमध्ये हाल आणखी वाढले. सोबत राहणाऱ्या पोरांनी शेवटी त्याच्या वडिलांना बोलावणं धाडलं. म्हातारा लांबून आला, समजावून गेला. उपयोग झाला नाही. मग ते कोरे पेपर. इथल्या प्राध्यापकांनी मात्र त्याला हाकललं नाही. आणखी दोन सत्रं थांब, एक थेंबही पिऊ नकोस, तरच पदवी, अशी अट घातली. बॉबने ती पाळली आणि १९१० मध्ये तो डॉक्टर झाला. मिशिगनपेक्षा हे शंभर पटीने बरं. पण अट पदवीपुरतीच होती. पदवीनंतर दारूचं काय, हे कुणीच विचारलं नाही.

पुढची दोन वर्षं ओहायोतल्या ॲक्रन शहराच्या सिटी हॉस्पिटलात गेली. टायरच्या कारखान्यांचं हे गाव. कामाच्या रगाड्यात प्यायला फुरसतच नव्हती. स्वतःचा दवाखाना टाकला, हातात पैसा आणि मोकळा वेळ आला, पोट दुखायला लागलं आणि बाटली परत आली. १९१५ मध्ये ॲन रिप्लीशी लग्न झालं, पुढे घरात दोन मुलं आली. १९२० साली देशभर दारूबंदी आली तेव्हा डॉक्टरांना वाटलं, आता सुटलो. पण डॉक्टरांना औषधासाठी अल्कोहोल मिळत होतं. ते घ्यायला खोट्या नावांच्या चिठ्ठ्याही लिहून झाल्या. दिवसा झोपेच्या गोळ्यांवर हात स्थिर ठेवायचे, ऑपरेशनं करायची आणि रात्री प्यायचं. बाटल्या कोळशाच्या पेटीतही लपवायचे. अशी बरीच वर्षं गेली.

मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्यासाठी ॲक्रनला आला. त्याची दारू पाच महिन्यांपूर्वीच सुटली होती. सौदा फिसकटला, प्यावंसं वाटू लागलं. आपण दुसऱ्या दारुड्याशी बोललो तर आपली टिकते, एवढं त्याला कळलं होतं. फोनाफोनी करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंच्या घरी पोचला आणि तिथं डॉक्टरांची भेट झाली. पंधरा मिनिटांत उठायचं असं ठरवून आलेले डॉक्टर रात्री अकरानंतरच उठले. उपदेश आयुष्यभर ऐकला होता. समोरचा माणूस मात्र स्वतःचीच कहाणी सांगत होता आणि ती तंतोतंत डॉक्टरांचीही होती.

लगेच सुटली असं नाही. जूनमध्ये डॉक्टरांच्या अधिवेशनाला गेले आणि पिऊन पडले. परतल्यावर ऑपरेशन ठरलेलं होतं. हात स्थिर राहावा म्हणून बिलने सकाळी एक बिअर दिली. ती शेवटची. तो दिवस १० जून १९३५, एए चा वाढदिवस. ऑपरेशन उरकल्यावर डॉक्टर, ज्यांचं ज्यांचं वाईट केलं होतं, त्यांच्या दारी माफी मागत फिरले. प्यायची इच्छा पुढे अडीच वर्षं अधूनमधून छळतच राहिली.

१९३९ पासून सेंट थॉमस हॉस्पिटलात सिस्टर इग्नेशियांच्या मदतीने त्यांनी दारुड्यांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली. तेव्हा दवाखाने अशांना दारात उभे करत नसत, म्हणून पहिल्याच्या कागदावर पोटाचा आजार लिहावा लागला. सुमारे पाच हजार रुग्ण त्यांनी तपासले, फी एकाचीही घेतली नाही. प्रत्येकाशी बोलायला दारू सोडलेली माणसं खाटेपाशी येत. आज महाराष्ट्रातही एए च्या सभा मराठीतून भरतात.

१९४९ मध्ये ॲन गेल्या. जुलै १९५० मध्ये कॅन्सरने खंगलेले डॉक्टर क्लीव्हलँडच्या अधिवेशनात थोडा वेळ बोलले आणि घरी परतले. १६ नोव्हेंबर १९५० रोजी ते वारले. शेवटच्या बिअरनंतर त्यांनी पंधरा वर्षं दारूला शिवलं नव्हतं.