शिळ्या तंत्राचा ताजा खेळ

क्योटो शहरात पत्ते बनवणाऱ्या एका कंपनीने १९६५ मध्ये कारखान्यातील यंत्रांच्या देखभालीसाठी एक तरुण अभियंता नेमला. कंपनीचे नाव निन्टेंडो आणि तरुणाचे नाव गुनपेई योकोई. हानाफुदा हे फुलापानांची चित्रे असलेले जपानी पत्ते हा या कंपनीचा मुख्य व्यवसाय होता. पुढे व्हिडिओ गेमच्या जगात या कंपनीचा जो दबदबा निर्माण झाला, त्याचा पाया या देखभाल अभियंत्याच्या हातून घातला जाणार आहे, याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योटोचाच. दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. मोठ्या कंपन्यांची दारे उघडली नाहीत, तेव्हा घराजवळची ही नोकरी त्यांनी पत्करली. कारखान्यात काम बेताचेच असे. रिकाम्या वेळात त्यांनी तिथल्याच यंत्रांवर एक खेळणे तयार केले. कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांचा हा हात दांडे दाबले की लांब होई आणि दूरची वस्तू पकडून आणी. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ते पाहिले. कामाच्या वेळेत खेळणी बनवल्याबद्दल कानउघाडणी होण्याऐवजी योकोई यांना त्याचे उत्पादन तयार करण्याचा आदेश मिळाला. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक नग खपले. योकोई यांची देखभाल विभागातून सुटका झाली.

त्यानंतरच्या त्यांच्या प्रत्येक खेळण्यात एक समान सूत्र दिसते. १९६९ च्या ‘लव्ह टेस्टर’मध्ये दोघांनी एकमेकांचे हात धरायचे, मोकळ्या हातांत एकेक धातूचा गोळा घ्यायचा आणि काटा किती सरकतो ते पाहायचे. शरीरातून वाहणारी विजेची सूक्ष्म धारा मोजणारे हे शाळेच्या प्रयोगशाळेतील उपकरण. प्रेमाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. पण हात धरायला निमित्त मिळत होते. १९७२ च्या ‘लेफ्टी आरएक्स’ या दूरनियंत्रित मोटारीला फक्त डावीकडे वळता येत असे. तेवढ्याने नियंत्रणाची यंत्रणा साधी झाली आणि किंमत आवाक्यात आली. गोल रिंगणात शर्यत लावायची तर डावे वळण पुरेसे होते. जे तंत्र जुने, सर्वपरिचित आणि म्हणूनच स्वस्त झाले आहे, त्याला कोणी न योजलेल्या कामाला जुंपायचे, हे योकोई यांचे तत्त्व होते.

आर्केड, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत, निन्टेंडोचा प्रवेश झाला तोही याच वाटेने. प्रकाश ओळखणारे घट वापरून योकोई यांनी १९७० मध्ये खेळण्यातली बंदूक तयार केली होती. जपानमधील बोलिंगचा बहर ओसरू लागला, तेव्हा रिकाम्या पडलेल्या बोलिंग दालनांत याच बंदुकीने नेमबाजी खेळवण्याची कल्पना पुढे आली. १९७३ मध्ये ‘लेझर क्ले’ सुरू झाले. पण त्याच वर्षी तेलसंकट कोसळले, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. १९७४ चा ‘वाइल्ड गनमॅन’ याच धडपडीतून आला. त्यात संगणकाने रेखाटलेले चित्र नव्हते. सोळा मिलिमीटरच्या चित्रफितीवर खराखुरा नट बंदूक उपसे आणि खेळणाऱ्याला त्याच्याआधी चाप ओढावा लागे. यंत्रे कालांतराने विस्मरणात गेली, तरी ती बंदूक टिकली. १९८४ च्या घरगुती ‘डक हंट’मधील बंदूक तिचीच वारस होय.

कर्जाच्या या काळोखात वाट सापडली ती एका प्रवासात. शिंकान्सेन या वेगवान आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी गणकयंत्राच्या कळांशी चाळा करताना योकोई यांना दिसला. पुढे एकदा अध्यक्षांचा चालक रजेवर असताना त्यांची मोटार चालवण्याची वेळ योकोई यांच्यावर आली आणि वाटेत त्यांनी खिशात मावेल अशा खेळाची कल्पना बोलून दाखवली, असे सांगितले जाते. तेव्हा गणकयंत्रांच्या कंपन्यांत किमतीची जीवघेणी स्पर्धा होती; त्यांचे छोटे पडदे मुबलक आणि स्वस्त झाले होते. त्यांतून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ मालिका जन्मली. पुढच्या दशकभरात तिचे चार कोटींहून अधिक नग विकले गेले आणि कंपनीचे कर्ज फिटले. १९८२ मध्ये या मालिकेतील ‘डाँकी काँग’साठी योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचे नियंत्रण बटण योजले. नव्वदच्या दशकात भारतातील शहरांत घरोघरी पोहोचलेल्या व्हिडिओ गेमच्या संचांवर अंगठ्याखाली असायचे ते हेच बटण.

मूळ ‘डाँकी काँग’चा जन्मही एका फसलेल्या यंत्रातून झाला. ‘रडार स्कोप’ या आर्केड खेळाची तीन हजार यंत्रे अमेरिकेसाठी मागवली गेली; त्यांतील सुमारे दोन हजार विकलीच गेली नाहीत. पडून राहिलेल्या या यंत्रांत नवा खेळ बसवण्याचे काम शिगेरू मियामोतो या तरुण कलाकाराकडे आले आणि देखरेख योकोई यांच्याकडे. १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ झळकला, मियामोतो जगप्रसिद्ध झाले आणि ‘रडार स्कोप’ जुन्या यंत्रांच्या संग्राहकांपुरता उरला.

जाहिरातींच्या युद्धातही योकोई यांच्या खेळण्याने एकदा हुकमी पत्त्याचे काम केले. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि दुकानदार त्या नावानेच कानाला खडा लावू लागले. १९८५ मध्ये निन्टेंडोने आपला संच तिथे नेला तो ‘मनोरंजन प्रणाली’ म्हणून, आणि जाहिरातीत पुढे उभा केला योकोई यांच्या विभागाने घडवलेला ‘रॉब’ हा यंत्रमानव. पडद्यावरील प्रकाशाच्या इशाऱ्यांवर तो संथपणे हात हलवी. त्याच्यासाठी खेळ निघाले अवघे दोन. पण हे व्हिडिओ गेम नसून खेळणे आहे, अशी दुकानदारांची समजूत घालण्याचे काम त्याने चोख बजावले आणि मग तो अडगळीत गेला.

१९८९ मध्ये ‘गेम बॉय’ आला तेव्हा जाहिरातींचा मारा उलट दिशेने झाला. त्याचा पडदा हिरवट, रंगहीन, स्वतःचा प्रकाश नसलेला. अटारी आणि सेगा यांच्या हाती रंगीत, उजळ पडदे होते. सेगाच्या अमेरिकेतील जाहिरातींनी ‘गेम बॉय’च्या या रंगहीनतेची यथेच्छ टिंगल केली. पण ते रंगीत पडदे सहा पेन्सिल सेल काही तासांत संपवत. ‘गेम बॉय’ चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले, स्वस्त होता आणि हातातून पडला तरी सहसा बिघडत नसे. मुलांच्या खाऊच्या पैशांचा हिशेब योकोई यांनी केला होता, जाहिरातवाल्यांनी नव्हे. पुढच्या रंगीत आवृत्तीसह ‘गेम बॉय’चा खप सुमारे ११ कोटी ८७ लाखांवर गेला.

या यशामागोमाग आले ते १९९५ चे ‘व्हर्च्युअल बॉय’. स्वस्त लाल दिव्यांच्या साहाय्याने डोळ्यांसमोर खोलीचा भास निर्माण करणारे हे यंत्र योकोई यांच्या तत्त्वाला धरूनच होते. नाव आणि जाहिरात मात्र आभासी जगाचे, भविष्याचे आश्वासन देत होती. ती खोली सपाट कागदावर किंवा दूरचित्रवाणीवर दाखवता येत नव्हती, आणि प्रत्यक्षात लाल-काळ्या चित्रांनी डोळे शिणत होते. अवघ्या पावणेआठ लाखांच्या आसपास विक्री होऊन यंत्र बंद झाले. ज्याने आयुष्यभर कमी आश्वासन देऊन जास्त आनंद दिला, त्याच्या नावावर मोठ्या आश्वासनाचे अपयश लागले.

ऑगस्ट १९९६ मध्ये योकोई यांनी एकतीस वर्षांची नोकरी सोडली. अपयशामुळेच ते बाहेर पडले, असा समज पसरला. योकोई यांनी तो नाकारला. त्यांनी ‘कोतो’ ही स्वतःची छोटी संस्था काढली आणि बंदाई कंपनीसाठी नव्या हातखेळाचे काम हाती घेतले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील होकुरिकू द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीची पुढच्या वाहनाशी टक्कर झाली. काय झाले ते पाहण्यासाठी ते खाली उतरले असता दुसऱ्या मोटारीने त्यांना धडक दिली. त्यांचे वय ५६ होते. ‘वंडरस्वान’ हा त्यांचा अखेरचा हातखेळ १९९९ मध्ये बाजारात आला. तो एकाच सेलवर चाले. त्यासोबत आलेल्या एका कोड्याच्या खेळाला ‘गुनपे’ असे नाव दिले गेले.

ज्या खेळांच्या पाकिटांवर आणि जाहिरातींत केवळ कंपनीचे नाव असे, त्यांच्या निर्मात्याचा शोध उशिरा सुरू झाला. २००३ मध्ये जगभरच्या गेमनिर्मात्यांनी त्यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला. २०२५ मध्ये निन्टेंडोने ‘व्हर्च्युअल बॉय’चे खेळ आपल्या नव्या यंत्रांवर पुन्हा उपलब्ध करण्याची घोषणा केली. त्याआधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, क्योटोजवळच्या उजी येथील जुन्या कारखान्यात कंपनीचे संग्रहालय उघडले. तिथे हात धरून ‘लव्ह टेस्टर’ची कसोटी देता येते आणि ‘अल्ट्रा हँड’ने चेंडूही पकडता येतात. देखभाल विभागात रिकाम्या वेळी जुळवलेल्या त्या पट्ट्या साठ वर्षांच्या उंबरठ्यावर पुन्हा लांब होऊ लागल्या आहेत.