हेडफोन लावा, डॉनी ऐका

सोल म्युझिक म्हटलं की अरीथा फ्रँकलिन, मार्विन गे ही नावं तुम्हाला पटकन आठवतील. पण डॉनी हॅथवे? कदाचित नाही.

१९४५ मध्ये शिकागोत जन्मलेला डॉनी सेंट लुईसला आजीकडे वाढला. आजी गॉस्पेल गायची. तोही अगदी चिमुरडा असताना चर्चमध्ये गाऊ लागला. पुढे स्कॉलरशिपवर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत संगीत शिकला. रोबर्टा फ्लॅकबरोबर गायलेल्या ‘व्हेअर इज द लव्ह’ला ग्रॅमी मिळालं.

पण नाव होत असतानाच स्किझोफ्रेनियानं त्याला गाठलं. औषधं, हॉस्पिटलच्या वाऱ्या, मनात सतत भीती. त्याला धीर यावा म्हणून एडवर्ड हॉवर्ड या मित्रानं एक गाणं लिहिलं, चाल डॉनीनंच दिली. १९७३ च्या ‘एक्स्टेन्शन ऑफ अ मॅन’ अल्बममधलं ‘समडे वुईल ऑल बी फ्री’ ते हेच. तयार गाणं ऐकताना डॉनीला रडू आवरलं नाही, असं सांगतात.

तेव्हा ते फारसं गाजलं नाही. पुढे कृष्णवर्णीयांनी ते आपल्या हक्कांचं गाणं मानलं. १९९२ च्या ‘माल्कम एक्स’ सिनेमासाठी अरीथानं ते गायलं. ते ऐकायला डॉनी नव्हता. १९७९ मध्येच, वयाच्या ३३ व्या वर्षी तो गेला.

आज रात्री हे गाणं ऐकाच. आणि तुमच्या ग्रुपमधलं कुणी हल्ली गप्प गप्प असेल, तर नुसती लिंक पाठवून थांबू नका. फोन करा.