न मागता फेडलेली शिष्यवृत्ती

आपल्या प्रयोगशाळेतली मादाम क्युरींची तसबीर आठवते? रेडियम आपण पाठ केले, पण त्यांच्या शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब कधी कळला नाही.

वॉर्सावर तेव्हा रशियाचा अंमल होता आणि तिथल्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. वडील शिक्षक, घरात ओढाताण. दोघी बहिणींनी ठरवले : आधी थोरली ब्रोन्या पॅरिसला जाऊन डॉक्टर होईल, धाकटी पैसे पाठवील, मग ब्रोन्या धाकटीला हात देईल. त्यासाठी मारी परक्यांच्या घरी राहून मुलांना शिकवत राहिली. तिची पाळी १८९१ मध्ये आली. सर्वांत स्वस्त डब्यातून ती पॅरिसला पोहोचली. माळ्यावरची खोली, कडाक्याची थंडी, आणि १८९३ मध्ये सोरबोनला भौतिकशास्त्रात पहिला क्रमांक.

गणितासाठी मात्र पैसे उरले नव्हते. तेव्हा ६०० रूबलची अलेक्झांड्रोविच शिष्यवृत्ती मिळाली आणि १८९४ मध्ये गणितात ती दुसरी आली.

माझे शैक्षणिक कर्ज फिटायला सात वर्षे लागली, तेही बँकेच्या पत्रांच्या धाकाने. मारीकडे कुणी काही मागितले नव्हते. पोलादाच्या चुंबकत्वावरील कामाचे पैसे हाती येताच तिने त्यातून ते ६०० रूबल साठवले आणि परत केले. पुढच्या गरजू विद्यार्थिनीला ते लवकर मिळावेत म्हणून.