नोटेवरच्या आजोबांनी ठेवलेली ठेव

समजा, तुम्ही चोवीस वर्षांचे आहात. आयटीआय झालंय, हातात कसब आहे, कुठल्यातरी वर्कशॉपमध्ये दोन-तीन वर्षं उमेदवारीही केलीय. आता स्वतःचं छोटंसं दुकान टाकायचंय. बँकेत गेलात की पहिला प्रश्न येतो, तारण काय? आणि तिथेच गाडी अडते.

याच प्रश्नावर एका माणसाने आयुष्याच्या अगदी शेवटी खूप डोकं लढवलं होतं. तुम्ही त्याला ओळखता. शंभर डॉलरच्या नोटेवर खांद्यापर्यंत केस असलेले ते आजोबा, पतंग उडवून वीज ओळखणारे, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे. बेंजामिन फ्रँकलिन. पण आज पतंग नको. आज त्यांच्या पैशाची गोष्ट ऐका. ती त्यांच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षं चालली.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, बोस्टनचा. वडील जोसाया साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. सतरा भावंडांत बेंजामिन पंधरावा. एवढ्या खटल्यात त्याच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम दोन वर्षं. दहाव्या वर्षी शाळा सुटली, बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या, जेम्सच्या छापखान्यात तो उमेदवार म्हणून बांधला गेला. बांधला गेला हे शब्दशः घ्या. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तिथेच काम करायचं, असा करार होता. भाऊ मालकासारखा वागे, प्रसंगी मारे. सतराव्या वर्षी, १७२३ मध्ये, पोरगा पळाला आणि फिलाडेल्फियाला पोचला. खिशात एक डॉलर आणि थोडी चिल्लर. भूक लागली म्हणून तीन पेनीचा पाव मागितला, तर तीन मोठे पाव हातात आले. एक खाल्ला, उरलेले दोन बोटीतून बरोबर आलेल्या एका बाईला आणि तिच्या मुलाला देऊन टाकले.

पुढे काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांना ओळखीचं वाटेल. प्रांताच्या गव्हर्नरनी या हुशार पोराला स्वतःचा छापखाना काढून देण्याचं आश्वासन दिलं. लंडनला जा, यंत्रं घे, माझ्या पतीची पत्रं बोटीवर पाठवतो, असं सांगितलं. पोरगा लंडनला पोचला, पत्रं आलीच नव्हती. मोठ्या माणसाचा शब्द, आणि परक्या शहरात अठरा वर्षांचा मुलगा. दीड वर्ष तिथल्या छापखान्यांत राबून १७२६ मध्ये तो परत आला.

१७२८ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर भागीदारीत छापखाना निघाला. भांडवल भागीदाराचे वडील घालणार होते. अर्धे पैसे देऊन झाले आणि त्यांचा हात आखडला. यंत्रं देणाऱ्या व्यापाऱ्याने दावा लावला. धंदा बुडणार हे दिसत होतं. त्या वेळी दोन मित्र, विल्यम कोलमन आणि रॉबर्ट ग्रेस, वेगवेगळे येऊन भेटले. एकाला दुसऱ्याची खबर नाही, फ्रँकलिनने दोघांकडेही मागितलेलं नाही. दोघांनीही हवे तेवढे पैसे देऊ केले. कुणा एकाला वाईट वाटू नये म्हणून फ्रँकलिनने दोघांकडून निम्मे निम्मे घेतले, भागीदाराचा हिस्सा सोडवला आणि छापखाना स्वतःच्या नावावर केला. वय चोवीस.

हा प्रसंग लक्षात ठेवा. पुढचं सगळं इथूनच निघालंय.

छापखाना चालला, वर्तमानपत्र चाललं, दरवर्षीचं पंचांग तर हजारांनी खपलं. बेचाळिसाव्या वर्षी फ्रँकलिननी धंद्यातून अंग काढून घेतलं. पण त्याआधीच त्यांना एक युक्ती सापडली होती. एकट्याला जे परवडत नाही, ते अनेकांनी थोडं थोडं घालून उभं करायचं. पुस्तकं महाग होती. १७३१ मध्ये पन्नास जणांनी सुरुवातीला चाळीस आणि मग दरसाल दहा शिलिंग द्यायचे, असं ठरवून वाचनालय उभं केलं. आगी लागायच्या, म्हणून १७३६ मध्ये शेजाऱ्यांचं अग्निशमन मंडळ काढलं. मग इस्पितळ. त्यासाठी वर्गणी कमी पडत होती आणि विधिमंडळातले खेड्यांकडचे सभासद पैसे द्यायला तयार नव्हते. फ्रँकलिननी ठराव मांडला, की नागरिकांनी दोन हजार पौंड जमवले तरच सरकारने दोन हजार द्यावेत. एवढे जमणारच नाहीत, अशा खात्रीने सभासदांनी हात वर केले. आणि आपला पौंड दुप्पट होतोय म्हटल्यावर लोकांनी ते जमवून दाखवले. १७५१ चं हे पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल आजही चालू आहे.

माणूस देव नव्हता, हेही सांगायला हवं. त्यांच्या घरात गुलाम होते. त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात, त्याचेही पैसे त्याच गल्ल्यात पडले. उतारवयात त्यांचं मत बदललं. गुलामगिरीविरोधी संस्थेचे ते अध्यक्ष झाले आणि मृत्यूच्या दोन महिने आधी, १७९० च्या फेब्रुवारीत, गुलामगिरी बंद करा असा अर्ज त्यांच्या सहीने अमेरिकन काँग्रेसपुढे गेला. उशीर झाला होता, पण सही केली.

आता मृत्युपत्राकडे येऊ. १७८५ पासून तीन वर्षं ते पेनसिल्व्हेनिया राज्याचे प्रमुख होते. लोकशाहीत सरकारी पद हे कमाईचं साधन असू नये, असं त्यांचं मत होतं, त्यामुळे हा पगार लोकांच्या कामी लावायचा हे ठरलेलं. आधी त्यांनी दोन हजार पौंड एका नदीत बोटी चालाव्यात म्हणून लिहून ठेवले. मग लक्षात आलं, एवढ्या पैशात काही व्हायचं नाही. त्याच सुमारास एका फ्रेंच लेखकाने त्यांच्या पंचांगाची गंमत करत एक पुस्तिका लिहिली होती. तिच्यातलं पात्र छोटी रक्कम चक्रवाढ व्याजाने पाचशे वर्षं ठेवून देतं आणि जगाचं भलं करतं. लेखकाने केली होती थट्टा. फ्रँकलिननी ती मनावर घेतली.

२३ जून १७८९ रोजी त्यांनी मृत्युपत्राला पुरवणी जोडली. जन्मगाव बोस्टनला एक हजार पौंड, कर्मभूमी फिलाडेल्फियाला एक हजार पौंड. खर्चायचे नाहीत, कर्जाऊ द्यायचे. कुणाला? पंचवीस वर्षांच्या आतल्या, लग्न झालेल्या, त्याच गावात उमेदवारी पूर्ण केलेल्या कारागिरांना. पंधरा ते साठ पौंड, पाच टक्के व्याज, दहा वर्षांत दहा हप्ते. तारण नको, चांगल्या चालीचे दोन जामीनदार पुरेत. दोन जामीनदार! चोवीस वर्षांच्या त्या पोराच्या मागे उभे राहिलेले दोन मित्र साठ वर्षांनी असे कागदावर उतरले. त्यांच्या उपकाराचा उल्लेखही फ्रँकलिननी त्याच पुरवणीत केला आहे.

मग हिशेब. पाच टक्के चक्रवाढीने शंभर वर्षांत हजाराचे एक लाख एकतीस हजार होतात. कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर आहे. त्यातले एक लाख गावाच्या कामांना द्यायचे, एकतीस हजार पुन्हा शंभर वर्षं फिरवायचे, शेवटी चाळीस लाख पौंडांहून अधिक होतील ते गावाने आणि राज्याने वाटून घ्यायचे. १७ एप्रिल १७९० रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी फ्रँकलिन गेले. घड्याळ सुरू झालं.

आणि जग बदललं. कारखाने आले. मालकाच्या घरी राहून काम शिकणारा उमेदवार हा प्रकारच संपत गेला. पंचविशीच्या आत लग्न, पूर्ण झालेली उमेदवारी, वर जामीनदार, हे सगळं जुळणारा तरुण शोधून सापडेना. बऱ्याच कर्जांचे हप्ते जामीनदारांच्या गळ्यात पडले, मग जामीन राहायला कोण येणार? गरजू तरुण गावात होतेच, फक्त ते कागदावरच्या अटींत बसत नव्हते. बोस्टनच्या खजिनदारांनी बरेचसे पैसे एका विमा कंपनीत गुंतवले, म्हणून ते वाढले. १८९१ च्या सुमारास बोस्टनकडे तीन लाख नव्वद हजार डॉलर होते, फिलाडेल्फियाकडे नव्वद हजारांच्या आसपास. फ्रँकलिनच्या वंशजांनी तर पैसे परत मागायला कोर्ट गाठलं, आणि ते हरले. पहिल्या शतकाच्या पैशातून बोस्टनमध्ये १९०८ साली तंत्रशिक्षणाची शाळा उघडली, फिलाडेल्फियाच्या पैशाने तिथल्या विज्ञान संग्रहालयाला हातभार लागला.

म्हणजे बघा, चूक कुठे झाली? व्याजाचं गणित चुकलं नव्हतं. आपल्या वेळचा तरुण हाच पुढच्या दोनशे वर्षांचा तरुण, असं धरून चालणं चुकलं.

ही अडचण एकट्या फ्रँकलिनची नव्हती. क्लीव्हलँड शहरातल्या एका ट्रस्ट बँकेचे प्रमुख फ्रेडरिक गॉफ यांच्यापुढे अशीच मृत्युपत्रं येत. दाता कधीच गेलेला, हेतू कालबाह्य झालेला, पैसा मात्र कुलपात. त्यांनी १९१४ मध्ये क्लीव्हलँड फाउंडेशन काढलं, जगातलं पहिलं कम्युनिटी फाउंडेशन. रचना साधी आहे. गावातल्या अनेकांनी, लहान-मोठ्या रकमा, कायमच्या एका ठिकाणी ठेवायच्या. प्रत्येक ठेवीला दात्याने सांगितलेलं नाव आणि हेतू. सगळे पैसे एकत्र गुंतवायचे, मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि दरवर्षी साधारण चार-पाच टक्के गावातल्याच संस्थांना द्यायचे. कुठे अन्नछत्र, कुठे रात्रनिवारा, कुठे अभ्यासिका. अशा छोट्या संस्थेला एखाद्या वर्षीच्या मोठ्या चेकपेक्षा दरवर्षी येणारे थोडे पैसे जास्त उपयोगी, कारण भाडं आणि पगार दरमहा द्यावे लागतात. मुख्य गोष्ट अशी, की दात्याचा हेतू निरर्थक झाला तर गावातल्या जाणत्या माणसांची समिती तो पैसा जवळच्या दुसऱ्या कामाकडे वळवू शकते. पैसा गेलेल्याचा, निर्णय हयात असलेल्यांचा.

गंमत पुढे आहे. १९९० मध्ये फ्रँकलिनची दोनशे वर्षं भरली. फिलाडेल्फियाच्या निधीत वीस लाखांहून थोडे अधिक डॉलर होते, बोस्टनच्या निधीत त्याच्या दुपटीहून जास्त. स्वप्नापेक्षा कमी, पण दोन हजार पौंडांच्या मानाने पुष्कळ. फिलाडेल्फिया शहराच्या वाट्याचे पैसे गेले १९१८ साली निघालेल्या फिलाडेल्फिया फाउंडेशनकडे, म्हणजे तिथल्या कम्युनिटी फाउंडेशनकडे. हेतू, कारागिरी आणि तंत्र शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती. राज्याच्या वाट्यातलेही काही पैसे राज्यभरच्या अशाच फाउंडेशनांना मिळाले. लग्नाची अट गेली, जामीनदार गेले, हातात कसब असलेला तरुण तेवढा राहिला.

ही कल्पना आपल्याला परकी आहे असं समजू नका. नाशिकला पांडवलेणी बघायला गेलात तर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख शोधा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली, तीही विणकरांच्या श्रेणींकडे. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांवर महिना शेकडा एक, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस, त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. हिशेब दगडावर कोरलेला आहे.

आणि आज? तुमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकाची शेवटची पानं उघडा, जी आपण कधीच वाचत नाही. कै. अमुक यांच्या स्मरणार्थ, तमुक विषयात पहिल्या येणाऱ्याला पारितोषिक. कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी ठेव ठेवली, व्याजाचा आकडा तेव्हाच लिहून टाकला, आणि आज त्या रकमेत एक पुस्तकही येत नाही. काही पारितोषिकांचा तर विषयच बंद झालेला असतो. फ्रँकलिनच्या लग्न झालेल्या उमेदवारासारखा.

तुमच्या बॅचने निरोप समारंभाच्या खर्चातून थोडे वाचवून अशी एखादी ठेव ठेवायचं मनात आणलं, तर जरूर ठेवा. रक्कम लहान असली तरी चालेल, हजाराच्या एक लाख एकतीस हजारांचं गणित आता तुम्हाला माहीत आहे. फक्त कागदावर एक ओळ आठवणीने घाला, की हे व्याज कुणाला द्यायचं ते त्या त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून ठरवावं. फ्रँकलिनच्या पुरवणीत तेवढी एक ओळ राहून गेली होती.