दीर्घिकांचं वय ओळखणाऱ्या बिअट्रिस टिन्स्ले

एक प्रश्न मुलांना विचारून बघा. रात्री लांबवर एक दिवा दिसतोय. तो जवळचा मिणमिणता आहे, की लांबचा प्रखर? मुलं गोंधळतात. १९६०च्या दशकात मोठमोठे खगोलशास्त्रज्ञही इथेच अडले होते. लांबच्या दीर्घिका जवळच्यांइतक्याच तेजस्वी असतात असं धरून ते विश्वाचं गणित मांडत होते. हे धरणंच चुकीचं आहे, असं एका तरुण बाईनं दाखवून दिलं.

बिअट्रिस टिन्स्ले यांचा जन्म १९४१ साली इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. महायुद्धानंतर कुटुंब न्यूझीलंडला गेलं. क्राइस्टचर्चला त्या भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, पण पती ब्रायन त्याच विद्यापीठात नोकरीला असल्यामुळे यांना तिथे नोकरी मिळेना. १९६३ मध्ये दोघं अमेरिकेत डॅलसला आले. पतीच्या संस्थेत यांना जागा नव्हतीच. मग सुमारे ३०० किलोमीटरवरच्या ऑस्टिनला ये-जा करत त्यांनी १९६६ मध्ये पीएच.डी. मिळवली!

त्यांचा मुद्दा मुलांनाही कळेल असा आहे. दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे तिच्यातल्या सगळ्या ताऱ्यांच्या प्रकाशाची बेरीज. मोठे, तापलेले निळे तारे भराभर जळून संपतात. लहान, लालसर तारे अब्जावधी वर्षं टिकतात. म्हणजे नवे तारे जन्मत असतील तर दीर्घिका निळसर आणि तेजस्वी. जन्म थांबले की हळूहळू लाल आणि मंद. आता लांबच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत यायलाच अब्जावधी वर्षं लागतात. आपण तिचं तरुणपण बघतो. तरुणपणी ती जास्त तेजस्वी, म्हणून असते त्यापेक्षा जवळ वाटते. ताऱ्यांच्या पिढ्यांचा हा हिशेब टिन्स्ले यांनी संगणकावर मांडला. ही दुरुस्ती मोठमोठ्यांच्या सहजासहजी पचनी पडली नाही.

घरी तोवर दत्तक घेतलेली दोन मुलं होती. डॅलसच्या विद्यापीठात मनासारखं पद मिळण्याची आशा मावळली, तेव्हा १९७४ मध्ये घटस्फोट घेऊन, मुलांना वडिलांकडे ठेवून त्या बाहेर पडल्या. हे वाचून आपल्यातले काही जण नाराज होतील. व्हा. पण हेच एखाद्या पुरुष शास्त्रज्ञानं केलं असतं, तर चरित्रात त्याला अर्धं वाक्यसुद्धा मिळालं नसतं, असं मला वाटतं.

पुढे येल विद्यापीठात त्या खगोलशास्त्राच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. १९७८ मध्ये रिचर्ड लार्सन यांच्यासोबत त्यांनी दाखवलं, की दीर्घिकांची टक्कर झाली की ताऱ्यांच्या जन्माचा एकदम सपाटा सुरू होतो, आणि तो रंगावरून ओळखता येतो.

त्याच वर्षी त्वचेच्या कर्करोगाचं निदान झालं. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या शोधनिबंध लिहीत होत्या. २३ मार्च १९८१ रोजी, चाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. न्यूझीलंडच्या फिओर्डलँडमधल्या एका डोंगराला २०१० मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं.